फिजिऑलॉजीचा तास अख्ख्या वर्गाचा कसा करायचा: सोलापुरातल्या शिकवणाऱ्यांसाठी

फर्स्ट इयरची नुसती हजेरी घेतली तरी कळतं की हा एकसारखा वर्ग नाहीये. बार्शी-मोहोळहून एसटीने येणारी मराठी मीडियमची पोरं, पूर्व भागातली घरी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, उर्दू शाळेतून आलेल्या मुली, आणि शहरातली इंग्लिश मीडियमवाली, जी पहिल्या दोन बाकांवर बसतात आणि आपण प्रश्न विचारला की आपला श्वास संपायच्या आत उत्तर देतात. आपण खूश होतो, वर्गाला कळालं असं समजून पुढची स्लाइड लावतो. मागचे चाळीस जण वहीत काहीतरी उतरवत असतात, काय ते त्यांनाच माहीत.

नुसतं लेक्चर देण्यापेक्षा मुलांना काहीतरी करायला लावलं की फायदा होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. २०१४ साली सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसत्या लेक्चरवाल्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण दीडपट निघालं. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतल्याच कॉलेजांचा डेटा घेऊन बघितलं तर मागे राहिलेल्या गटांतली आणि बाकीच्या मुलांतली दरी अशा वर्गात कमी झालेली दिसली, पण एक अट होती, वर्गाचा बराचसा वेळ खरंच मुलांच्या कामात गेला पाहिजे. तासाच्या शेवटी पाच मिनिटांचं क्विझ घेऊन भागत नाही.

आणि माझं स्वतःचं म्हणणं अजून एक पाऊल पुढचं आहे. नुसती अॅक्टिव्हिटी ठेवली म्हणजे सगळे आत आले असं होत नाही, उलट कधीकधी वाईट होतं. लेक्चरमध्ये निदान सगळे सारखेच गप्प असतात, ग्रुप अॅक्टिव्हिटीत मात्र एक जण स्टेथोस्कोप पकडतो, एक जण हुकूम सोडतो आणि दोघं आकडे कॉपी करतात. म्हणून प्रत्येक अॅक्टिव्हिटी ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघते, या वर्गातला कोण यात भाग घेऊ शकणार नाही, आणि मग त्याच्यासाठी वेगळी सोय न करता अॅक्टिव्हिटीच बदलता येते का ते बघते. बऱ्याचदा येते, आणि गंमत म्हणजे बदललेली अॅक्टिव्हिटी फिजिऑलॉजी जास्त चांगली शिकवते.

आधी अंदाज, मग थिअरी

टेंपरेचर रेग्युलेशन घ्या. हा टॉपिक सोलापुरात शिकवायला मिळणं म्हणजे नशीब, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, बाहेर फुकटची लॅब आहे. हायपोथॅलॅमसची (मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाची) स्लाइड लावायच्या आधी फळ्यावर प्रश्न लिहा: एक माणूस ४३ डिग्रीच्या कोरड्या हवेत झाडाच्या सावलीत बसलाय आणि दुसरा ३८ डिग्रीच्या दमट बंद शेडमध्ये मागावर काम करतोय, कुणाच्या शरीराचं तापमान आधी वाढेल?

बहुतेक मुलं ४३ वाल्याचं नाव घेतात. कुणाच्या तरी घरी यंत्रमाग असतो, ते पोरगं सांगतं की हवेत ओल असली की सुती धागा कमी तुटतो, म्हणून मागाच्या शेडमध्ये कोरडी हवा नकोच असते. मग हळूहळू बाहेर येतं: हवेचं तापमान त्वचेपेक्षा जास्त झालं की रेडिएशन-कन्व्हेक्शनने उष्णता बाहेर जायचं सोडून उलट आतच येते, उरतो फक्त घामाच्या बाष्पीभवनाचा रस्ता, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेल्या घामाने थंडावा मिळत नाही. त्यात मागावरचा माणूस उभा राहून काम करतोय म्हणजे स्नायू आतून उष्णता तयार करतायत. इथून एडीएच, अल्डोस्टेरॉन (शरीरातलं पाणी आणि मीठ राखणारी हार्मोन्स), उन्हाळ्यात लघवी गडद का होते, उन्हाची सवय झाल्यावर घामातलं मीठ कमी का होतं, सगळं ओघाने येतं. आणि या तासाला नेहमी गप्प बसणाऱ्या पोराकडे सांगायला काहीतरी असतं, पहिल्या बाकाकडे नसतं.

हा प्रश्न चालवायचा कसा, ते महत्त्वाचं. आधी एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने वहीत उत्तर आणि एक कारण लिहायचं, बोलायचं नाही. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. मग सगळ्यांनी एकदम कार्ड वर करायचं. कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचे चार तुकडे, त्यावर मोठं अ, ब, क, ड. मोबाइल अॅपवर घेऊ नका, कुणाचा नेटपॅक संपलेला असतो, कुणाचा फोन घरी भावाकडे असतो, आणि ते वर्गात सगळ्यांना कळतं. रंगीत कार्ड असतील तरी अक्षर हवंच, लाल-हिरव्यात फरक न कळणारी मुलं वर्गात असतात, जीन एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे मुलांत हे मुलींपेक्षा बरंच जास्त, आणि त्यांच्यापैकी काहींना इशिहाराच्या (रंगांधळेपणा तपासायच्या) प्रॅक्टिकलपर्यंत स्वतःलाच माहीत नसतं. हेच आपल्या लाल धमनी-निळ्या शिरेच्या आकृत्यांनाही लागू, नुसता रंग नको, नाव लिहा, बाण काढा.

कार्ड वर आली की नजर फिरवा. साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी बरोबर असतील तर विषय पुन्हा समजावायचा, दोन तृतीयांशाच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं, आणि मधे असतील तर 'तुमच्यापेक्षा वेगळं कार्ड असलेला माणूस शोधा आणि त्याला पटवा' म्हणायचं. हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी १९९० च्या सुमारास फिजिक्सच्या वर्गात ही पद्धत बसवली, फिजिऑलॉजीला ती अगदी चपखल लागू पडते कारण आपल्या विषयात 'हे वाढलं तर ते काय होईल' असेच प्रश्न असतात.

अजून एक फुकटची गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंदांच्या वर थांबलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलंय. घरच्या भाषेतून इंग्लिशमध्ये वाक्य जुळवणाऱ्या मुलीला तर तीनही कमी पडतात. मनातल्या मनात दहा मोजा, सुरुवातीला फार अवघड जातं.

भाषेचं काय करायचं

चर्चा कुठल्याही भाषेत, टर्म इंग्लिशमध्येच, एवढा साधा नियम ठेवा. 'फिल्ट्रेशन वाढलं कारण प्रेशर वाढलं' हे तेलुगूत भांडून सांगितलं तरी फिल्ट्रेशन आणि प्रेशर तेच राहतात. पण परीक्षा इंग्लिशमध्ये लिहायची आहे हे विसरू नका, नाहीतर वर्गात मजा येते आणि रिझल्टला पोरं बुडतात. म्हणून शेवटची पाच मिनिटं त्याच प्रश्नाचं उत्तर तीन ओळीत इंग्लिशमध्ये लिहायला लावायचं, ग्रामरला हात लावायचा नाही, फक्त कारण-परिणामाची साखळी तुटली असेल तिथे खूण करायची. मराठी मीडियमच्या पोराचं इंग्लिश सगळ्यांसमोर दुरुस्त केलंत की ते सेमिस्टरभर तोंड उघडत नाही.

टॉवेलची साखळी

रिअॅक्शन टाइम शिकवायला एक जुना खेळ आहे, सगळ्यांनी हात धरून गोल उभं राहायचं, एकाने हात दाबला की दुसऱ्याने पुढचा दाबायचा. आपल्याकडे मुला-मुलींनी हात धरायचा म्हटलं की अर्धा वर्ग लाजतो, काही जणींना ते नकोच असतं, आणि नको असणं हा त्यांचा हक्क आहे. सोपा उपाय, दोघांच्या मधे एक टॉवेल. सोलापुरात टॉवेलची काय कमतरता! प्रत्येकाच्या दोन्ही हातात टॉवेलचं एकेक टोक, एका बाजूने ओढ लागली की दुसऱ्या बाजूचं ओढायचं, डोळे मिटलेले. शेवटच्या माणसाने ओढ लागल्या लागल्या 'आली' म्हणायचं, स्टॉपवॉच थांबवायचं आणि एकूण वेळेला माणसांच्या संख्येने भागायचं. उभं राहायची गरज नाही, बाकावर बसून चालतं, व्हीलचेअरवरचा मुलगाही साखळीत, कमी ऐकू येणारीही, कारण सिग्नल स्पर्शाचा आहे.

दोन-तीन वेळा केलं की माणशी वेळ कमी होत जातो, ते का, हे त्यांनाच विचारा. मग खरा प्रश्न. जाड मायलिनवाल्या (वेष्टण असलेल्या) नर्व्हमध्ये सिग्नल सेकंदाला ५०-६० मीटर धावतो, एका हातापासून मेंदूपर्यंत आणि तिथून दुसऱ्या हातापर्यंत धरा दोन मीटर, म्हणजे नुसत्या वायरिंगला ४० मिलिसेकंद पुरे. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पट आलाय, मग उरलेला वेळ गेला कुठे? सायनॅप्स, कॉर्टेक्समधलं प्रोसेसिंग, न्यूरोमस्क्युलर जंक्शन, स्नायूला ताण यायला लागणारा वेळ, सगळं पोरंच काढतात. बेडकावरचे प्रयोग गेल्यापासून नर्व्ह-मसल म्हणजे छापील ग्राफ वहीत चिकटवणं एवढंच उरलंय, त्यापेक्षा हे बरं.

प्रॅक्टिकल: शरीर पोराचं आहे, डिपार्टमेंटचं नाही

या भागावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथेच आपण सगळ्यात निष्काळजी असतो. 'चल, तू ये, टेबलवर झोप' असं म्हणून कुणालाही सब्जेक्ट बनवायची सवय आपल्याला आपल्या शिक्षकांकडून लागलीये.

सब्जेक्ट नेहमी स्वतःहून तयार झालेला हवा. त्यासाठी चार जणांचा ग्रुप, चार कामं: सब्जेक्ट, मोजणारा, वेळ बघणारा, लिहिणारा. मोजणं, वेळ आणि लिहिणं ही तीन कामं सगळ्यांकडे फिरलीच पाहिजेत, सब्जेक्टचं काम फिरवायची सक्ती नाही. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी एक चिठ्ठी, 'मला उद्या सब्जेक्ट व्हायचं नाही', कारण लिहायचं नाही. कारण दमा असेल, हार्टचं काही असेल, प्रेग्नन्सी असेल, रोजा असेल, आषाढी एकादशीचा उपास असेल, पाळी असेल, किंवा नुसतं नको वाटत असेल. कारण विचारलंत की चिठ्ठीचा उपयोग संपला. उलट बाजूही सांभाळा, रोजा आहे म्हणून तुम्हीच कुणाला परस्पर बाजूला बसवू नका.

ईसीजीला लिंब लीड पुरतात, मनगटं आणि घोटे, बास. लीड टू वरून रेट, पीआर, क्यूआरएस सगळं मोजता येतं. चेस्ट लीडसाठी मॅनिकिन वापरा किंवा आधी काढून ठेवलेली पट्टी द्या.

वजन-उंची भर वर्गात मोठ्याने सांगायची नाही, पडद्यामागे मोजून चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. हिमोग्लोबिनचंही तसंच. डब्ल्यूएचओची मर्यादा पुरुषांना १३ आणि गरोदर नसलेल्या बायकांना १२ ग्रॅम, आणि आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुली त्याच्या खाली निघतात हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आकडा कमी आला तर नंतर एकटीला बोलवून ओपीडीत पाठवायचं, वर्गात 'अगं बाई, सातच?' असं ओरडायचं नाही. टोचून घ्यायचं नसेल तर तयार सॅम्पलवर काम करू द्या, आणि लॅन्सेट प्रत्येकाला नवा, वापरलेला लगेच पंक्चर-प्रूफ डब्यात, यात काटकसर नाही. ब्लड ग्रुपच्या दिवशी आई-वडिलांचे ग्रुप विचारून वारसा समजावू नका, उदाहरण फळ्यावर काल्पनिक घ्या. एखाद्या घरातलं गुपित तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये फुटायला नको.

एक्सरसाइजचं प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी स्टेप टेस्टवर चालतं, आणि पायाला अडचण असलेला मुलगा 'तू लिहायला बस' म्हणून कोपऱ्यात जातो. त्याऐवजी वर्गाचे तीन स्टेशन करा: पायऱ्या, बसून हाताने सायकलचं पेडल फिरवणं, आणि हँडग्रिप दाबून धरणं. हँडग्रिप नसेल तर बीपीचा कफ गुंडाळून थोडा फुगवायचा आणि मुठीत दाबायचा. ज्याला जे जमतं ते त्याने करायचं आणि शेवटी तिन्हीचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आता बघा काय मिळतं: तेवढाच ऑक्सिजन वापरला तरी हातांच्या कामात हार्ट रेट आणि बीपी पायांच्या कामापेक्षा जास्त चढतं, पायऱ्यांमध्ये सिस्टॉलिक वाढतं पण डायस्टॉलिक जवळपास तिथेच राहतं किंवा थोडं उतरतं, आणि हँडग्रिप दाबून धरलं की डायस्टॉलिकही वर जातं कारण आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. नुसत्या स्टेप टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

बीपी मोजताना ज्याला कोरोटकॉफ आवाज (कफ सैल करताना स्टेथोस्कोपमध्ये येणारे ठोके) ऐकू येत नाहीत त्याने नाडीवर बोट ठेवून सिस्टॉलिक घ्यायचं, पॅल्पेटरी मेथड तशीही सगळ्यांना यायला हवी, आणि डिजिटल मशीन आवाजावर चालत नाही, कफमधल्या कंपनांवर चालतं, हे त्याच वेळी सांगून टाका. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ वाचणाऱ्यालाच काय, मागच्या बाकालाही कळत नाही.

तो ७० किलोचा माणूस

पुस्तकातला नॉर्मल माणूस म्हणजे ७० किलोचा तरुण गोरा पुरुष, कार्डियाक आउटपुट मिनिटाला पाच लिटर. आपल्या वर्गात ४२ किलोची मुलगी बसलीये, तिला हा आकडा कसा लागू होणार? तिलाच विचारा, कार्डियाक इंडेक्स (शरीराच्या आकाराच्या हिशोबाने आउटपुट) का काढावा लागला हे तिथेच कळतं. मासिक पाळी २८ दिवसांची असं फळ्यावर लिहिलंत तर निम्म्या मुली मनात घाबरतात, २१ ते ३५ हे सगळं नॉर्मलमध्ये येतं असं सांगा, आणि मुलांसमोर सांगा, मुलींना वेगळं बसवून नाही. सायनोसिस (ऑक्सिजन कमी पडून येणारा निळसरपणा) शिकवताना गोऱ्या त्वचेचे फोटो दाखवून काय उपयोग, आपल्याकडे जीभ, ओठांच्या आतली बाजू बघायची, पेशंट फिका वाटतोय का ते पापणीच्या आत बघायचं. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त सॅच्युरेशन दाखवू शकतो हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या डेटावरून पुन्हा ठळकपणे पुढे आलं, हेही सांगाच. मशीन कुणाला नॉर्मल धरून बनवलंय हा प्रश्नही फिजिऑलॉजीचाच आहे.

ग्रुप, घरचा अभ्यास, मार्क

ग्रुप तुम्ही पाडा, मित्र-मित्र नको, आणि सेमिस्टरभर शक्यतो तेच ठेवा. तीन दणदणीत पोरांच्यात एकटी लाजरी मुलगी टाकू नका, टाकायच्या तर दोघी टाका. ग्रुपतर्फे बोलणारा चिठ्ठीने ठरवा, आणि 'पास' म्हणायची मुभा ठेवा, पण पुढच्या वेळी नंबर पुन्हा येणार हे माहीत असू द्या.

घरी ग्रुपने करायचं काम देऊ नका. संध्याकाळची एसटी पकडायची असते, कुणी घरी गेल्यावर आईबरोबर विड्या वळते, कुणी दुकानात बसतो. ग्रुपचं काम वर्गातच संपलं पाहिजे. घरी द्यायचं ते एकट्याने करायचं, दोन पानं वाचणं किंवा सात-आठ मिनिटांचा ऑडिओ, व्हॉट्सअॅपवर उतरेल एवढा हलका. एचडी व्हिडिओ पाठवून 'बघितला नाही का' म्हणून रागवायचं नाही.

स्टुडंट सेमिनार मात्र मी बंद केले. एक जण कुठून तरी पीपीटी उतरवून वाचतो, बाकीचे झोपतात, आणि आपण त्याला सेल्फ लर्निंग म्हणतो. बझर क्विझही नको, ते फक्त वेगवान पोरांचं असतं.

टेस्ट लहान आणि वारंवार घ्या, आधी एकट्याने सोडवायची, मग तोच पेपर ग्रुपने, मार्क दोन्हीचे, एकट्याच्या पेपरला जास्त. प्रश्न 'वर्णन करा' छाप नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस श्वास रोखून वजन उचलतो तेव्हा छातीतलं प्रेशर, हृदयाकडे परत येणारं रक्त आणि बीपी यांचं क्रमाने काय होईल, असा प्रश्न टाका, वल्साल्वा (श्वास रोखून जोर लावल्यावर काय होतं ते) पाठ केलेल्यालाही विचार करावा लागतो आणि न पाठ केलेल्यालाही सुरुवात सापडते. बेंचमार्क डिसॅबिलिटी (४० टक्के किंवा जास्त अपंगत्व) असलेल्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, २०१६ च्या कायद्यानंतरच्या गाइडलाइन्समध्ये ते आहे, तुमच्या इंटर्नल टेस्टलाही तोच हिशोब लावा, मुलाला अर्ज घेऊन दारोदार फिरायला लावू नका.

सिलॅबस कसा संपणार, हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. सगळं अॅक्टिव्ह करायची गरजच नाही. क्लॉटिंग फॅक्टरचे नंबर मी अजूनही सरळ फळ्यावर लिहून सांगते, त्यात अंदाज करण्यासारखं काही नाही. वेळ द्यायचा तो जिथे मुलं हमखास अडकतात तिथे: मेंब्रेन पोटेन्शियल, कार्डियाक सायकल, काउंटर करंट, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, अॅसिड-बेस. युनिटमागे एक तास बदलला तरी सुरुवातीला पुष्कळ झालं.

आणि पहिल्याच आठवड्यात करून बघायचं असेल तर नाडीपासून करा, घड्याळ सोडून काही लागत नाही. प्रत्येकाने स्वतःचीच मनगटावरची नाडी मोजायची, म्हणजे कुणाला हात लावायचा प्रश्न नाही. पाच मिनिटं शांत बसून एकदा, उभं राहिल्या राहिल्या एकदा, दोन मिनिटांनी परत एकदा, ज्याला उभं राहता येत नाही त्याने बाकावर डोकं टेकवून मग ताठ बसायचं. मोजायच्या आधी अंदाज वहीत लिहून घ्या, आकडे नाव न लिहिता चिठ्ठीवर गोळा करा आणि फळ्यावर अख्ख्या वर्गाचा ग्राफ काढा. बसलेले आकडे साधारण ६० ते १०० च्या मधे पसरतील, उभं राहिल्यावर बहुतेकांचे वाढतील, काहींचे जास्त काहींचे कमी. बॅरोरिसेप्टर (रक्तवाहिन्यांतले बीपी ओळखणारे सेन्सर) हे नाव त्यानंतर सांगा.